परतीची वाट आणि घराचे दार

(यवतमाळ येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



यवतमाळच्या जुन्या मंडळींच्या कानात शकुंतलेची शिटी अजून घुमत असेल. विसाव्या शतकाच्या आरंभी किलिक निक्सन या इंग्रज कंपनीने मूर्तिजापूर ते यवतमाळ हा अरुंद लोहमार्ग टाकला, तो येथील माणसांना पंढरीची वारी सुलभ व्हावी म्हणून नव्हे. या काळ्या मातीतला कापूस मूर्तिजापुरास जावा, तेथून मुंबईस आणि मुंबईहून जहाजाने मँचेस्टरला जावा, एवढाच त्यामागील हेतू होता. कापूस येथून कच्चा गेला आणि तेथून कापड होऊन परतला. परतला तेव्हा ज्याने तो पिकवला होता, त्याच कास्तकाराला तो चढ्या दराने विकत घ्यावा लागला. परदेशी जाऊन मोलाने वाढलेली वस्तू स्वगृही येते आणि घरच तिला ओळखत नाही, हा अनुभव या जिल्ह्याला नवा नाही.

माणसांच्या बाबतीत काय घडले? एकट्याने समुद्र ओलांडलेला, परक्या भूमीवर अंतर्बाह्य बदललेला माणूस जेव्हा घरी परततो, तेव्हा दारात काय घडते? आजचा विषय हा आहे. त्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. येथून जवळच असलेल्या वर्ध्यात जन्मलेल्या एका पुरुषाचे चरित्र आपल्यासमोर आहे. त्यांचे नाव डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे. वीणा गवाणकर यांनी त्यांचे चरित्र मराठीत आणले, त्यांच्या कन्येनेही इंग्रजीत वडिलांची कथा लिहिली. तरीही विदर्भातल्या किती महाविद्यालयीन तरुणांना हे नाव ठाऊक आहे, असा प्रश्न विचारला तर उत्तर फारसे सुखावह येणार नाही.

समुद्रपर्यटन हे एकेकाळी आपल्याकडे पाप मानले गेले. ज्या समाजाची जहाजे एकेकाळी सुवर्णद्वीपापर्यंत जात होती, ज्याची मंदिरे चंपा आणि कंबोज देशांत उभी राहिली, त्याच समाजाने पुढे किनाऱ्यावर स्वतःभोवती कुंपण घालून घेतले. परदेशातून आलेल्याला प्रायश्चित्त घ्यावे लागे, पंक्तीला बसण्याची चोरी होई. हे कुंपण परक्यांनी घातले नव्हते, हे मान्य करावयास हवे. स्वामी विवेकानंदांनी ते ज्या रीतीने ओलांडले, ती कथा येथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. 31 मे 1893 रोजी मुंबईहून निघालेला तो एकाकी संन्यासी 15 जानेवारी 1897 रोजी कोलंबोस उतरला आणि पुढे रामनादच्या राजाने त्याची गाडी स्वतःच्या हातांनी ओढली. परतणाऱ्याचे असे स्वागत इतिहासात क्वचितच झाले असेल. पण प्रत्येक परतणाऱ्याच्या वाट्याला रामनादचा राजा येत नाही.

1906 या वर्षाकडे पाहावे. त्या वर्षी महाराष्ट्राच्या मातीतले दोन तरुण देशाबाहेर पडले. विनायक दामोदर सावरकर जून महिन्यात लंडनकडे निघाले. त्याच वर्षी पांडुरंग खानखोजे पूर्वेकडे, जपानच्या दिशेने निघाले. दोघांच्याही मनावर लोकमान्यांचे संस्कार होते आणि शस्त्राविना हे राज्य जाणार नाही, असा दोघांचाही निश्चय होता. सावरकर चार वर्षांत परतले, पण बेड्यांत. मार्सेलिसच्या बंदरात त्यांनी 8 जुलै 1910 रोजी घेतलेली उडी जगाला ठाऊक झाली. त्याच महिन्यात त्यांना बंदी म्हणून मुंबईच्या किनाऱ्यावर उतरविण्यात आले आणि पुढे अंदमान.

तिसरे नाव घेतल्याविना ही मालिका पुरी होत नाही. तळेगाव ढमढेऱ्याचा विष्णु गणेश पिंगळे अमेरिकेत अभियांत्रिकी शिकावयास गेला आणि गदरच्या कार्यात पडला. नोव्हेंबर 1914 मध्ये तो कलकत्त्यास उतरला. परतून आला तो घरी बसण्यासाठी नव्हे. मार्च 1915 मध्ये मीरतच्या घोडदळाच्या छावणीत बाँबसह पकडला गेला आणि 16 नोव्हेंबर 1915 रोजी लाहोरच्या कारागृहात कर्तारसिंग सराभा व इतर सहकाऱ्यांसमवेत फासावर गेला. ऐन सत्ताविशीतला तरुण. शिक्षण अर्ध्यावर सोडून तो मायदेशी आला, आणि मायदेशाने त्याला एक वर्षही पाहिले नाही.

सावरकर बेड्यांत परतले, पिंगळे फासासाठी परतले. खानखोजे यांना परतताच येईना. त्यांच्या आयुष्यातील खरी शोकांतिका आणि खरे कर्तृत्व, दोन्हींचे मूळ या न येण्यात आहे.

जपानहून ते अमेरिकेत पोहोचले. हाताशी पैसा नव्हता. पडेल ते काम करावे आणि शिकावे, असा क्रम होता. कॅलिफोर्नियात त्यांनी लष्करी शिक्षणाची संधी साधली, कारण मूळ ध्यास तोच होता. त्यासोबतच त्यांनी ऑरेगॉनच्या कॉर्व्हालिस येथील कृषी महाविद्यालयात प्रवेश घेतला आणि पुढे वॉशिंग्टन राज्यातील पुलमन येथे उच्च शिक्षण घेतले. बंदूक आणि नांगर एकाच वेळी शिकणारा हा विद्यार्थी होता. पुलमनभोवतीचा मुलूख कोरडवाहू गव्हासाठी प्रसिद्ध आहे. पावसाच्या भरवशावर शेती करणाऱ्या वऱ्हाडातून गेलेल्या तरुणाच्या दृष्टीस तो मुलूख पडला, या योगाकडे आपले लक्ष जावयास हवे. ज्या विद्येची वर्ध्याला, यवतमाळला, अकोल्याला सर्वाधिक गरज होती, तीच विद्या तो तेथे शिकत होता.

त्या काळात पॅसिफिक किनाऱ्यावर लाकडाच्या गिरण्यांमध्ये पंजाबी मजूर मोठ्या संख्येने राबत होते. पोर्टलंड, अ‍ॅस्टोरिया या गावांतील या शीख बांधवांत बाबा सोहनसिंग भकना, पंडित काशीराम आणि खानखोजे यांनी संघटना बांधली. लाला हरदयाळ त्यांना येऊन मिळाले. 1 नोव्हेंबर 1913 रोजी सॅन फ्रान्सिस्कोहून ‘गदर’ पत्राचा पहिला अंक निघाला. एक मराठी ब्राह्मण तरुण, पंजाबचे शीख शेतकरी, दिल्लीचा विद्वान हरदयाळ हे सारे परदेशात एकत्र जेवत होते. पंक्तीचा प्रश्न तेथे उरला नव्हता. घरी असताना जी एकजूट बोलून दाखविण्याची गोष्ट होती, ती तेथे नित्याची होऊन गेली होती. परदेशी जाऊन माणूस जे शिकतो त्यात पुस्तकातले किती आणि हे असे किती, याचा हिशेब कुणी मांडत नाही.

पहिल्या महायुद्धाच्या काळात खानखोजे पश्चिम आशियात उतरले. तुर्कस्थान, इराण, बलुचिस्तानच्या सीमेवरील टोळ्या या मुलखात इंग्रज फौजेशी झुंजले, जखमी झाले, सापडले, निसटले. या पर्वाच्या तपशिलात आज शिरण्याचे कारण नाही. त्याचे स्वतंत्र व्याख्यान होऊ शकेल. युद्ध संपले, ते बर्लिनला पोहोचले. 1921 मध्ये इतर भारतीय क्रांतिकारकांसमवेत मॉस्कोसही जाऊन आले. आणि मग त्यांच्यासमोर एक दिवस असा उभा राहिला की, सर्व मार्ग मोकळे होते, फक्त घराचा मार्ग बंद होता. हिंदुस्थानात पाऊल टाकले तर पिंगळ्यांची वाट. युरोपात राहिले तर निर्वासिताचे जिणे. 1924 मध्ये त्यांनी मेक्सिको गाठले.

मेक्सिकोत 1910 मध्ये क्रांती झाली होती. जमीनदारांच्या अफाट जहागिऱ्या मोडून जमीन कुळांना द्यावयाची, असा त्या राष्ट्राचा संकल्प होता. राजधानीजवळ चापिंगो येथे अशाच एका जुन्या जहागिरीच्या वाड्यात राष्ट्रीय कृषी विद्यालय आणण्यात आले होते. तेथे खानखोजे अध्यापक झाले. जमीन मिळाली तरी कसायचे कसे, हे कुळांना कुणी शिकविले नव्हते; पिढ्यानपिढ्या ते दुसऱ्याच्या हुकमाने राबलेले. खानखोजे यांनी अशा शेतकऱ्यांसाठी मोफत कृषिशाळांची चळवळ उभी केली. शाळा म्हणजे इमारत आणि घंटा असा प्रकार नव्हता. गावातच, शेताच्या धुऱ्यावर, सुधारित बियाणे कसे निवडावे, जमिनीची मशागत कशी करावी, हे प्रत्यक्ष दाखविले जाई. मुक्त शाळा म्हणून त्या ओळखल्या गेल्या.

त्यांच्या संशोधनाचा मुख्य विषय मका होता. मका ही मेक्सिकोची मूळ संपदा. मनुष्याने जगातला पहिला मका तेथेच पिकविला. मक्याचा एक रानटी पूर्वज तेथील रानात अजून उगवतो. लागवडीच्या मक्याशी त्याचा संकर घडवून काटक वाण मिळविण्याचा प्रयत्न खानखोजे यांनी केला. एका कणसाच्या जागी हाताच्या बोटांसारखी अनेक कणसे धरणाऱ्या मक्यावर त्यांनी स्पॅनिश भाषेत पुस्तिका लिहिली. गव्हावरही त्यांचे काम चालले. थंडी आणि दुष्काळ सोसणारी वाणे हे त्यामागील लक्ष्य होते. या पद्धतीत एक विचार दडलेला आहे. नवे बी शोधावयाचे तर आधी आपल्याच रानात, आपल्याच मातीत तगलेल्या वनस्पतीकडे पाहावयाचे. बाहेरून आलेल्या विद्येने तिचे मोल ओळखावयाचे. स्वदेशी म्हणजे परक्या ज्ञानाकडे पाठ फिरविणे, असा समज ज्यांचा असेल त्यांनी वर्ध्याच्या या माणसाचे काम पाहावे. अमेरिकेत शिकलेले शास्त्र त्याने मेक्सिकोच्या रानटी गवताची किंमत ओळखण्यासाठी वापरले.

मेक्सिकोचा जगप्रसिद्ध चित्रकार दिएगो रिव्हेरा याने राजधानीतील शिक्षण मंत्रालयाच्या भिंतींवर जी भित्तिचित्रे काढली, त्यांतील एका चित्रात मेजाभोवती कष्टकरी बसले आहेत आणि प्रमुखस्थानी बसलेला एक सावळा पुरुष भाकरी मोडून वाटतो आहे. तो पुरुष म्हणजे खानखोजे. ‘आमची रोजची भाकरी’ असा त्या चित्राचा आशय. ज्या देशात ते परके म्हणून आले, त्या देशाने त्यांना आपल्या शासकीय भिंतीवर अन्नदाता म्हणून रंगविले. हे चित्र विदर्भातल्या प्रत्येक शेतकी शाळेत लागले असते तर काही बिघडले नसते.

येथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. खानखोजे यांच्या मेक्सिकोतील मित्रमंडळीत साम्यवादी होते. रिव्हेरा साम्यवादी होता, त्यांच्या शाळांची छायाचित्रे टिपणारी टीना मोदोत्तीही साम्यवादी होती. म्हणून कुणी त्यांना आपल्या गोटात ओढू पाहील, आणि कुणी त्याच कारणासाठी त्यांच्यापासून चार हात दूर राहील. दोन्ही भूमिका खुज्या आहेत. लोकमान्यांचा हा अनुयायी कुठल्या तत्त्वज्ञानाच्या सावलीत जेवला, यापेक्षा तो अखेरपर्यंत काय मागत राहिला ते पाहावे. तो मागत राहिला ती एकच गोष्ट होती: घरी परत जाण्याचा मार्ग. 1936 मध्ये त्यांनी बेल्जियन वंशाच्या जीन सिंडिक यांच्याशी विवाह केला, दोन मुली झाल्या. मान होता, हाती काम होते, मित्र होते, संसार होता. एवढे सारे असलेला माणूस साधारणतः मूळ गाव विसरतो. ते विसरले नाहीत. एका मुलीचे नाव त्यांनी सावित्री ठेवले.

15 ऑगस्ट 1947 आला. इंग्रज गेले. आता तरी दार उघडले असेल, असे कुणालाही वाटेल. परंतु इंग्रजांनी केलेली धोकादायक माणसांची काळी यादी दप्तरात तशीच राहिली होती आणि स्वतंत्र भारताच्या शासनाने ती तपासून न पाहता पुढे चालविली. ज्या स्वातंत्र्यासाठी हा माणूस देशोधडीला लागला, त्याच स्वातंत्र्याच्या दारात त्याचा प्रवेशाचा अर्ज प्रथम नाकारला गेला. इंग्रजांच्या शत्रूला इंग्रज गेल्यावरही शत्रू ठरविणारी ही शाई कुणाच्या दौतीतली होती? पुढे तो निर्णय फिरविण्यात आला खरा. पण साठी ओलांडलेल्या क्रांतिकारकाला जन्मभूमीच्या उंबरठ्यावर परक्यासारखे तिष्ठत राहावे लागले, ही नोंद पुसता येणार नाही. खेद याचा वाटतो की, यात कुणाची दुष्टबुद्धी नव्हती. यादी होती, कारकून होता, शिक्का होता. कुणी विचारलेच नाही की हे नाव कुणाचे आहे.

1955 मध्ये खानखोजे कायमचे भारतात आले आणि नागपुरात राहिले. 1906 मध्ये गेलेला तरुण एकोणपन्नास वर्षांनी परतला. भोवतालचे नागपूर बदललेले, ओळखीची माणसे बहुतेक गेलेली, सोबत परदेशी पत्नी. जो गाव सोडून गेला होता तो गाव नव्हता आणि जो मुलगा गेला होता तो मुलगाही नव्हता. मधल्या काळात आयुष्याचे सारे विज्ञान, सारा अनुभव आणि शेतकऱ्यांना शिकविण्याची एक पारखलेली पद्धत त्यांच्यासोबत आली होती. मेक्सिकोत या पद्धतीतून शाळांची चळवळ उभी राहिली. विदर्भात तशी साखळी उभी राहिली नाही. वर्धा, यवतमाळ, अमरावती, अकोला हा सारा कोरडवाहू पट्टा हाताच्या अंतरावर होता आणि कोरडवाहू शेतीचा असा जाणता नागपुरात वास्तव्यास होता. या दोहोंची गाठ पडावयास हवी होती.

कुणी म्हणेल, वय झाले होते, काळ बदलला होता. असेल. पण याच विदर्भात परतणाऱ्याचे दुसरे उदाहरण आहे आणि ते ताडून पाहण्याजोगे आहे. अमरावती जिल्ह्यातील पापळ गावच्या शेतकरी कुटुंबातला पंजाबराव देशमुख हा तरुण 1920 मध्ये इंग्लंडला गेला. एडिंबरा आणि ऑक्सफर्ड येथे शिकला, बॅरिस्टर झाला. ऑक्सफर्डमध्ये त्याने प्रबंध लिहिला तो वेदवाङ्मयातील धर्माचा उगम आणि विकास या विषयावर. साहेबाच्या देशात जाऊन वेदांचा अभ्यास करणारा कुणब्याचा मुलगा, हे दृश्य स्वतःच बोलके आहे. 1926 मध्ये तो परतला आणि लगेच कामाला भिडला. अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्य बांधवांना प्रवेश मिळावा म्हणून उभा राहिला. पुढे श्री शिवाजी शिक्षण संस्थेचा वटवृक्ष विदर्भभर पसरला, बहुजनांच्या घरांत पहिल्यांदा पाटी-पुस्तक शिरले. 1952 पासून दहा वर्षे डॉ. पंजाबराव देशाचे कृषिमंत्री होते. त्यांच्याच नावाचे कृषी विद्यापीठ 1969 मध्ये अकोल्यास स्थापन झाले.

दोघांत फरक बुद्धीचा नव्हता आणि त्यागाचा तर नव्हताच. पंजाबराव ऐन तारुण्यात परतू शकले, त्यांचे दार कुणी लावून घेतलेले नव्हते आणि परतल्यावर त्यांच्यामागे त्यांचा समाज उभा राहिला. खानखोजे यांच्या कर्तृत्वाची सारी वर्षे दुसऱ्या देशाच्या शेतांत खर्ची पडली. मेक्सिकोचा लाभ झाला, याचे दुःख नाही. अन्न कुणाच्याही मुखी पडो, ते अन्नच. दुःख आहे ते येथल्या रिकाम्या राहिलेल्या वावराचे.

त्या वावराची स्थिती येथे बसलेल्यांना कुणी सांगावी? हिंगणघाटचा बनी कापूस एकेकाळी मुंबईच्या बाजारात नावाने विकला जाई. देशी कपाशीचे मूळ खोल जाते, ती पावसाचा खंड सोसते, रस शोषणाऱ्या किडींना सहसा बळी पडत नाही. धागा आखूड म्हणून गिरण्यांनी तिला नाके मुरडली आणि लांब धाग्याची अमेरिकन कपाशी शेतात आली. ती पाणी मागते, औषध मागते. 2002 मध्ये बीटी संकरित बियाणे आले. बोंडअळीचा त्रास काही वर्षे कमी झाला, उत्पन्नही वाढले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण घरची सरकी राखून ठेवण्याची रीत संपली आणि दरवर्षी बियाण्याची थैली विकत घेणे नशिबी आले. पुढे गुलाबी बोंडअळी त्यालाही जुमानेनाशी झाली. यवतमाळचे नाव देशाच्या वृत्तपत्रांत कास्तकारांच्या आत्महत्यांमुळे गाजू लागले. जुलै 2006 मध्ये तत्कालीन पंतप्रधानांनी यवतमाळसह विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर केले. त्यानंतरही घरांतला आक्रोश थांबला नाही. 2017 च्या पावसाळ्यात याच जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेताने पोसावे की मारावे, असा प्रश्न ज्या जिल्ह्यात पडतो, तेथे रानातल्या काटक वाणाकडे पाहावयास शिकविणाऱ्या माणसाची आठवण काढणे ही निव्वळ जयंती-पुण्यतिथीची बाब राहत नाही.

1966 मध्ये भारतात अन्नटंचाई होती. त्या वर्षी मेक्सिकोहून अठरा हजार टन गव्हाचे बियाणे जहाजांत भरून भारतात आले. लर्मा रोहो आणि सोनोरा ही ती वाणे. नॉर्मन बोरलॉग यांनी 1944 पासून मेक्सिकोत जे काम केले, त्याचे हे फळ. पुढे त्यातून पंजाबची हरितक्रांती झाली. ज्या मेक्सिकोच्या मातीत खानखोजे यांनी तीस वर्षे गव्हावर आणि मक्यावर काम केले, त्या मेक्सिकोचे बी भारताची भूक भागविण्यासाठी आले. त्या वेळी ते नागपुरात होते, वृद्ध झाले होते. जानेवारी 1967 मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. त्या जहाजांची वार्ता वाचताना त्यांच्या मनात काय आले असेल, हे कुणाला सांगता येणार नाही. बी परत आले आणि त्याचे स्वागत झाले, एवढे मात्र खरे.

आता यवतमाळविषयी. या नगराला परतणाऱ्यांचे, हाकललेल्यांचे आणि आश्रय शोधणाऱ्यांचे वावडे कधीच नव्हते. 1908 मध्ये नागपूरच्या शाळेत वंदे मातरम्‌चा घोष केला म्हणून केशव बळीराम हेडगेवार या विद्यार्थ्याला शाळेतून काढून टाकण्यात आले, तेव्हा त्याला कुणी आपलेसे केले? यवतमाळच्या विद्यागृहाने. तपस्वी बाबासाहेब परांजपे यांच्या त्या राष्ट्रीय शाळेवर सरकारची वक्रदृष्टी होतीच. एका बहिष्कृत मुलाला घेणे म्हणजे ती आणखी ओढवून घेणे होते. तरी दार उघडले गेले. पुढे सरकारने ती शाळा बंद पाडली. परंतु 21 जुलै 1930 रोजी याच यवतमाळजवळ लोहारा जंगलात सत्याग्रह करून कारावास पत्करावयास डॉक्टर हेडगेवार आले, तेव्हा ते परक्या गावी येत नव्हते. लोकनायक बापूजी अणे यांच्या वऱ्हाडात, आपल्या विद्यार्थिदशेच्या गावी ते येत होते. नागपूरच्या शाळेने ज्या मुलाला ठेवले नाही, त्याला यवतमाळने ठेवून घेतले, हा या नगराचा वारसा आहे. त्या वेळी त्या मुलाकडे दाखविण्यासारखे काहीच नव्हते. ना पदवी, ना पैसा, ना कीर्ती. खानखोजे परतले तेव्हा त्यांच्याकडे सारे काही होते. एवढा फरक ध्यानात ठेवला तरी पुरे.

पुसद, वणी, दारव्हा, उमरखेड, पांढरकवडा येथून आज मुले पुण्याला जातात, हैदराबादला जातात आणि तेथून पुढे समुद्रापलीकडेही जातात. एकेकाळी गावातून कुणी परदेशी गेला तर त्याला निरोप देण्यास सारे गाव लोटत असे. आता तेही नावीन्य उरले नाही. ही मुले एकटी जातात, एकटीच शिकतात, एकटेपणी बदलतात. दिवाळीला किंवा लग्नसराईत ती घरी येतात तेव्हा त्यांना काय विचारले जाते? पगार किती, घर घेतले का, लग्न केव्हा. तेथे कोरडवाहू शेती कशी करतात, मातीची परीक्षा शेतकरी स्वतः कशी करतो, सहकारी संस्थेचा हिशेब सभासदाला कसा दाखवितात, फवारणी करणाऱ्या मजुराच्या अंगावर काय असते, हे कुणी विचारत नाही. मुलगाही मग सांगत नाही. आठ दिवस राहतो, आईच्या हातचे खातो, निघून जातो. काळी यादी आता कुणी दप्तरात ठेवत नाही. ती आपण बैठकीच्या खोलीतच तयार करतो. परतलेल्याने थोडे वेगळे बोलले की ‘तिकडचे वारे लागले’ असे म्हणतो आणि विषय संपवितो.

दोष एकाच बाजूला टाकणे न्यायाचे होणार नाही. परतणाऱ्यांतही असे असतात की उंबरठ्याच्या आत पाऊल टाकताच त्यांना प्रत्येक गोष्टीत न्यून दिसू लागते. पाणी चांगले नाही, रस्ते चांगले नाहीत, माणसे वेळ पाळत नाहीत. यातले बरेचसे खरे असते. पण आल्या दिवशी खरे बोलणारा आणि दहाव्या दिवशी विमानात बसणारा माणूस गावाच्या कामाचा नसतो. खानखोजे यांनी मेक्सिकोच्या खेडुताला त्याच्या अडाणीपणाबद्दल दोष दिला असता, तर त्यांची एकही शाळा चालली नसती. ते त्याच्या धुऱ्यावर जाऊन बसले, त्याची भाषा शिकले आणि त्याच्याच मक्यात नवे काय आहे ते त्याला दाखवीत राहिले.

यवतमाळातील कार्यकर्त्यांनी एक छोटे काम हाती घ्यावे, अशी विनंती आहे. प्रत्येक तालुक्यातून बाहेर गेलेल्या आणि शेती, पाणी, माती, वस्त्रोद्योग या विषयांत काही शिकलेल्या माणसांची नावे गोळा व्हावीत. ती सुट्टीत घरी येतील तेव्हा सत्कार, शाल, नारळ यांत त्यांचा वेळ घालवू नये. एखाद्या गावच्या पारावर किंवा जिनिंगच्या आवारात पाच-पन्नास कास्तकारांसमोर त्यांना बसवावे. व्यासपीठ नको, ध्वनिक्षेपक नको. कास्तकारांनी विचारावे आणि आलेल्याने उत्तर द्यावे. ठाऊक नसेल तर नाही म्हणावे. त्याने सांगितलेले एखाद्याने एका एकरात करून पाहावे. पुढच्या वर्षी तो पुन्हा येईल तेव्हा त्याला त्या एकरात नेऊन पीक दाखवावे, साधले नसेल तर तेही दाखवावे.

सप्टेंबर 2022 मध्ये लोकसभेचे तत्कालीन अध्यक्ष ओम बिर्ला मेक्सिकोस गेले असता चापिंगोच्या कृषी विद्यापीठात डॉ. खानखोजे यांच्या पुतळ्याचे त्यांच्या हस्ते अनावरण झाले. ज्या वाड्यात 1920 च्या दशकात वर्ध्याचा एक निर्वासित फळ्यावर मक्याचे कणीस काढून दाखवीत होता, तेथे आज त्याचा पुतळा आहे आणि शेतकी शिकणारी मेक्सिकोची मुले त्याच्यावरून ये-जा करतात. येथून वर्धा फार दूर नाही. येत्या उन्हाळ्यात शेतकी महाविद्यालयातील काही विद्यार्थ्यांनी खानखोजे यांचे चरित्र वाचून यावे आणि पहिली बैठक त्यांच्यापासूनच सुरू करावी. पेरणीपूर्वीचा काळ मोकळा असतो. कास्तकारांनाही तेव्हाच सवड मिळते.